हार्ड डिस्क गेलेला लॅपटॉप पेनड्राइव्हवर चालवायचाय (बागेच्या नोंदींसाठी)

बागायतदारीण

नमस्कार मंडळी. राहायला नाशिकला, इंदिरानगरला, आणि द्राक्षबाग निफाडकडे. आठवड्यातला निम्मा वेळ तिकडेच जातो. फवारणीच्या नोंदी आणि मजुरीचा हिशोब घरात माझ्याकडे आहे. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत कोणतं औषध, किती प्रमाण, कधी मारलं, काढणीआधी किती दिवस सोडायचे, हे सगळं लिहावं लागतं. माल एक्सपोर्टला द्यायचा असला की यातला एकही रकाना रिकामा चालत नाही. सगळं मराठीत, एक्सेलच्या शीटमध्ये.

लॅपटॉप २०११ च्या आसपासचा. आय३, २ जीबी रॅम. पावसाळ्यात हार्ड डिस्क गेली. चालू केला की आतून टक-टक आवाज येतो आणि काळी स्क्रीन. फाइल्स मी नेहमी स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवते, त्यामुळे त्या शाबूत आहेत.

मळ्यातल्या घरी भाऊजींचा नवा डेस्कटॉप आहे, विंडोज ११ वाला. त्यावर त्यांची टॅली आणि मुलांचे गेम. भाऊजी म्हणतात, वहिनी खुशाल वापरा, फक्त आत काही टाकू नका.

मला हवंय ते असं: एकच पेनड्राइव्ह. नाशिकला लॅपटॉपला लावला की माझा डेस्कटॉप समोर यावा, मळ्यात भाऊजींच्या मशीनला लावला की तोच तिथे. दिवाळीत भाच्याने कुठलंसं हलकं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून दिलं होतं. सुरू छान झालं, पण मराठीच्या जागी नुसते चौकोन, आणि बंद करून परत लावलं की आदल्या दिवशीचं काम गायब. भाचा आता पुण्याला, फोन उचलत नाही.

लॅपटॉपची बॅटरी संपलेली आहे, म्हणजे लाइट गेली की तो तिथल्या तिथे बंद. आणि लाइट जातेच.

तर कोणतं लिनक्स घेऊ, पेनड्राइव्ह कसला घेऊ, आणि काम टिकेल कसं? हंगामाचे पैसे सगळे बागेत आहेत, त्यामुळे "नवा लॅपटॉप घ्या" एवढं सोडून काहीही सांगा.

सिडकोवाला_ऋ

ताई, एवढा लोड कशाला घेता? जुनी डिस्क काढा, तिथे २.५ इंची साटा एसएसडी टाका, लिनक्स मिंट एक्सएफसीई इन्स्टॉल करा, विषय संपला. पेनड्राइव्हवर रोजचं काम करणं म्हणजे स्वतःचा छळ. मी हॉस्टेलला करून बघितलंय. ब्राउझर उघडेपर्यंत चहा होतो.

रविवार_कारंजा

ऋ भाऊचं एसएसडीबद्दलचं म्हणणं खरं आहे. पैसे हातात आले की ताईंनी तेच करावं. पण आत्ता विचारलंय ते पेनड्राइव्हचं, म्हणून त्यावर बोलतो. माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची तेव्हापासून लोकांच्या मशीन अशा बाहेरून उठवतोय, तेव्हा उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट. पेनड्राइव्ह घेण्याआधी लॅपटॉप उलटा करा, खालचे स्क्रू काढा आणि ती मेलेली डिस्क बाहेर काढून ठेवा. ती आत असली की मशीन सुरू होताना तिची वाट बघत बसतं, आणि लिनक्स सुरू झालं तरी तिला पुन्हापुन्हा हाका मारत राहतं. गिऱ्हाईक सांगतं "पेनड्राइव्ह स्लो आहे", आणि स्लो असते ती डिस्क. डिस्क नसली तरी लॅपटॉपला काही होत नाही.

झाकण उघडलंच आहे तर रॅमकडेही बघा. त्या काळातल्या आय३ लॅपटॉपना डीडीआर३ लागते आणि बहुतेकांत दोन खाचा असतात, त्यातली एक तुमच्याकडे मोकळी असेल. एमजी रोडवर सेकंडहँड २ जीबीची स्टिक स्वस्तात मिळून जाते. तेवढा खर्च मात्र कराच. कारण पुढे येतं.

आता ते गायब होणारं काम. पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्समध्ये मूळ सिस्टम एका घट्ट दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते. ती फाइल फक्त वाचली जाते, तिच्यात लिहिता येत नाही. तुम्ही केलेले बदल तिच्यावरच्या एका वेगळ्या थरात जातात, आणि तो थर रॅममध्ये असतो. मशीन बंद, थर गेला. भाच्याने चूक केली नाही, लाइव्ह सिस्टम असतेच अशी. तो थर पेनड्राइव्हवर साठवायची सोय वेगळी चालू करावी लागते, तिला पर्सिस्टन्स म्हणतात.

पर्सिस्टन्स चालू केला की दुसरं दुखणं सुरू होतं, आणि ऋ भाऊचा चहा तिथेच होतो. लोक सिस्टमवरून भांडतात, पपी का अँटिएक्स का लुबुंटू, आणि खरी अडचण असते पेनड्राइव्हच्या लिहिण्याच्या वेगाची. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबी. तुमच्या लॅपटॉपचे पोर्ट बहुधा तेच असतील. वाचायला तेवढा वेग पुरतो. पण फ्लॅश मेमरीत थोडंसं लिहायचं असलं तरी आतला मोठा तुकडा पुसून पुन्हा भरावा लागतो, आणि स्वस्त पेनड्राइव्हचा कंट्रोलर त्यात अगदीच कच्चा असतो. ब्राउझर तर दर क्षणी कुठेतरी दोन ओळी लिहीतच असतो. त्यामुळे सिनेमा कॉपी करताना ठीक वाटणारा पेनड्राइव्ह सिस्टम चालवताना गुडघे टेकतो, आणि वर्ष-दोन वर्षांत मरतोही.

म्हणून अशी सिस्टम घ्यायची की जी बदल दिवसभर रॅममध्ये ठेवते आणि बंद करताना एकदाच पेनड्राइव्हवर उतरवते. मी अँटिएक्स देतो. डेबियनवर बांधलेलं आहे, त्याची २३ नंबरची आवृत्ती डेबियन १२ वर आहे, आणि फुल आवृत्तीत लिबरऑफिस आधीपासून असतं. आइसडब्ल्यूएम नावाचा साधा डेस्कटॉप आहे, दिसायला जुनाट, पण २ जीबीत सुद्धा हलतो. पर्सिस्टन्सचे प्रकार त्याच्या सुरुवातीच्या मेनूतच निवडायला मिळतात. एकात बदल थेट पेनड्राइव्हवर जातात, एकात रॅममध्ये राहून बंद करताना उतरतात. दुसरा घ्या. बदल रॅममध्ये राहणार म्हणून तर ती वाढीव स्टिक सांगितली.

आता तुम्ही म्हणाल, लाइट गेली की रॅममधलं सगळं गेलं, मग हा सल्ला उलटा नाही का? उलटाच आहे, जर तुमची फवारणीची शीट त्या थरात असेल तर. तिथे ती ठेवायचीच नाही.

पेनड्राइव्हचे दोन भाग करा. पहिला डेटाचा, एक्सफॅट फॉरमॅटचा, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्हींना वाचता येईल असा. दुसरा सिस्टमचा. सगळ्या शीट पहिल्या भागात. तिथे सेव्ह दाबलं की फाइल लगेच पेनड्राइव्हकडे जाते, रॅममधल्या थराशी तिचा संबंध नाही. लाइट गेली तर काय जाईल? उघडा ब्राउझर, एखादं बदललेलं सेटिंग. जाऊ दे. डेटाचा भाग पहिलाच ठेवा, कारण विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपर्यंत विंडोजला पेनड्राइव्हचं पहिलंच पार्टिशन दिसायचं, आणि गावाकडे कुठल्या काळातलं मशीन भेटेल ते सांगता येत नाही.

आणि आता भाऊजींचा डेस्कटॉप. ताई, तिथे लिनक्स सुरूच करू नका.

विंडोज ११ वाल्या मशीनवर सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टम सुरू होऊ न देणारं कुलूप, बहुधा चालू असतं, आणि अँटिएक्स उठवायला ते बंद करावं लागतं. ते बंद केलं आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असला, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागत उभं राहू शकतं. नव्या मशीनवर बिटलॉकर मालकाला पत्ता नसताना चालू असतो. ती की बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं दुकानदाराने कुठल्या मेलवर काढलं होतं हे कोणालाच आठवत नसतं. माझ्या काउंटरवर ही रडारड नेहमीची आहे. भाऊजींची टॅली अडकली तर घरात काय होईल ते तुम्हीच बघा.

तुम्हाला तिथे लागतंय काय? तुमच्या शीट, आणि त्या उघडणारं लिबरऑफिस. लिबरऑफिसची पोर्टेबल आवृत्ती येते, ती पेनड्राइव्हच्या डेटाच्या भागातच ठेवायची. मळ्यात गेलात की विंडोज चालू, पेनड्राइव्ह लावा, तिथूनच लिबरऑफिस उघडा, काम करा, सेफली रिमूव्ह करून काढा. भाऊजींच्या मशीनमध्ये काही इन्स्टॉल झालं नाही, त्यांचा शब्द पाळला. नाशिकला तोच पेनड्राइव्ह, त्याच शीट, खाली लिनक्स. डेस्कटॉपचं चित्र दोन्हीकडे वेगळं दिसेल एवढंच. सिस्टम इकडून तिकडे न्यायची हौस पोरांची असते, तुम्हाला न्यायच्यात त्या नोंदी.

ओझरकर

रविवार कारंजा यांचं डेटा वेगळा ठेवण्याचं पटलं. अँटिएक्सचं अर्धवट पटलं.

मी निवृत्त माणूस, वेळ भरपूर, म्हणून पपी लिनक्स बरीच वर्षं वापरतोय. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली सुरू केलेलं. ताईंकडे आज २ जीबी रॅम आहे, स्टिक घेतील तेव्हा घेतील. अँटिएक्सची फुल आयएसओ, म्हणजे सिस्टमची उतरवायची अख्खी फाइल, दीड जीबीच्या वर जाते, ती २ जीबीत पूर्ण चढवणार कशी? पपीचं फोसापप चारशे एमबीच्या आसपास आहे. अख्खं रॅममध्ये चढतं आणि मग पेनड्राइव्हला वाचायलाही हात लावावा लागत नाही. जुन्या मशीनवर असा वेग दुसरं काही देत नाही.

शिवाय लाइटचं म्हणाल तर पपी पेनड्राइव्हवर असताना ठरावीक वेळाने आपणहून सेव्ह करतं. मुळात ३० मिनिटांचं सेटिंग असतं, कमी-जास्त करता येतं.

रविवार_कारंजा

ओझरकर काका, २ जीबीत पपी जास्त चपळ, हे मान्य. तुमचं गणित बरोबर आहे, अँटिएक्स २ जीबीत अख्खं चढत नाही, फक्त बदल रॅममध्ये राहतात आणि बाकीचं पेनड्राइव्हवरून वाचलं जातं. वाचण्याची मला फिकीर नाही, लिहिण्याची आहे.

पण ताईंना पपी देताना माझा हात थांबतो. फोसापप उबुंटू २०.०४ च्या पॅकेजवर आहे, आणि त्याचा सर्वसाधारण सपोर्ट २०२५ च्या मे महिन्यात संपला. ताई त्यावर बँक उघडणार. पपीच हवं असेल तर डेबियन १२ वरचं बुकवर्मपप घ्या, पण ते मग तेवढं छोटं राहत नाही. दुसरं, पपीत तुम्ही सुरुवातीपासून रूट, म्हणजे सगळे अधिकार हातात असलेले युजर, असता. तुम्हाला त्याची सवय आहे काका, तुम्ही जपून वापराल. ताईंच्या पेनड्राइव्हला सुट्टीत मुलांचे हात लागणार. आणि ३० मिनिटांत तीस मजुरांची हजेरी टाकून होते.

ओझरकर

रूटचं ऐकून ऐकून कान किटले. लाइव्ह सिस्टममध्ये मूळ फाइल सुरक्षितच असते, बिघडलं तर सेव्हफाइल (साठवलेल्या बदलांची फाइल) उडवून पुन्हा सुरू. बँकेचं मात्र खरं आहे, त्यासाठी बुकवर्मपपच घ्यावं.

ताई, आणखी एक. भाऊजींच्या मशीनवर चुकून कधी लिनक्स चालवलंतच, तर नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसू शकतं. घाबरू नका, व्हायरस नाही. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. विंडोजमध्ये "सिंक नाऊ" दाबलं की जागेवर येतं.

बागायतदारीण

बापरे, एवढं सविस्तर. मनापासून आभार. भाऊजींच्या मशीनवर लिनक्स चालवायचंच नाही हे डोक्यातच आलं नसतं. त्यांना विचारलं, बिटलॉकर म्हणजे काय तेच त्यांना माहीत नाही. विषय तिथेच संपवला.

डिस्क मुलाने काढली. खरंच, मशीन आता लगेच मेनूवर येतं. पण दर वेळी तारीख २०१० सालची दाखवतं आणि त्या भाच्याच्या लिनक्समध्ये एकही साइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतं. हे डिस्क काढल्यामुळे का?

आणि मराठीच्या चौकोनांचं काय करू? टाइप करायचं म्हणजे मला मोबाइलसारखं लागतं, इंग्रजीत "davaa" लिहिलं की "दवा" यावं असं… म्हणजे रोमन अक्षरांतून. कीबोर्डवरची मराठी अक्षरं पाठ नाहीत.

पेनड्राइव्ह बनवायचा कसा तेही सांगा. घरी विंडोज नाही, भाऊजींच्या मशीनवरूनच बनवावा लागेल.

अक्षरजुळणी

मराठीचं मी सांगते, रोजचा धंदा आहे माझा. चौकोन दिसतात म्हणजे सिस्टममध्ये देवनागरी फॉन्ट नाही, फाइलला काही झालेलं नाही. पॅकेजच्या यादीतून नोटो किंवा लोहित देवनागरी घ्या. नेट नसेल तर फॉन्टची फाइल दुसरीकडून आणून होम फोल्डरमध्ये डॉट-फॉन्ट्स नावाचा फोल्डर करून त्यात टाका आणि लॉगआउट होऊन परत या. पोर्टेबल लिबरऑफिसला ही कटकट नाही, विंडोज ११ मध्ये देवनागरी असतेच.

टायपिंगसाठी आयबस आणि त्याबरोबरचं एम१७एन घ्या. त्यात मराठीचे आयट्रान्स, फोनेटिक आणि इनस्क्रिप्ट असे प्रकार मिळतात. तुम्हाला फोनेटिक किंवा आयट्रान्स जमेल. पण मोबाइल जसे शब्द सुचवतो तसं इथे होणार नाही, प्रत्येक अक्षर तुम्हालाच नेमकं टाइप करावं लागेल.

खरं सांगू का, थोडे दिवस इनस्क्रिप्टला द्या. त्याला आयबससुद्धा लागत नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इंडियन लेआउट जोडला की झालं, म्हणजे रॅमही खात नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आर्द्रता, बुरशीनाशक, पोटॅशियम असले शब्द रोमनमधून लिहिताना जी कुस्ती होते ती इथे नाही. ल च्या कळीवर शिफ्ट धरलं की ळ, र च्या कळीवर शिफ्ट धरलं की ऱ्या-ऱ्हा चा ऱ. आणि तोच लेआउट विंडोजमध्येही आधीपासून असतो, तेव्हा मळ्यात आणि नाशिकला बोटांना एकच सवय.

तुमच्या जुन्या शीट श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर मात्र वेगळं प्रकरण आहे. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

सिडकोवाला_ऋ

पेनड्राइव्ह बनवायला व्हेंटॉय बेस्ट. एकदा टाकलं की आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची, दहा सिस्टम एका पेनड्राइव्हवर. भाऊजींच्या विंडोजवर दोन मिनिटांत होतं.

रविवार_कारंजा

व्हेंटॉय चार सिस्टम चाखून बघायला उत्तम, मीही खिशात ठेवतो. मुक्कामाला नको. त्यात पर्सिस्टन्सची फाइल वेगळी बनवा, सेटिंगमध्ये तिचा पत्ता लिहा, आणि प्रत्येक सिस्टमशी ते सरळ जुळेलच असं नाही.

ताई, क्रम असा. अँटिएक्स २३ ची फुल आयएसओ उतरवा. भाऊजींच्या विंडोजवर रुफस नावाचं पेनड्राइव्ह बनवायचं साधन चालवा, तो इन्स्टॉल करावा लागत नाही, आणि भाच्याच्या पेनड्राइव्हवर ती आयएसओ चढवा. हा पेनड्राइव्ह तात्पुरता. रुफसने बनवलेला भाग फॅट३२ असतो, त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा, म्हणून यावरच मुक्काम ठोकायचा नाही. रुफसमध्ये डिव्हाइसच्या जागी पेनड्राइव्हच निवडलाय ना, हे नाव आणि आकार दोन्ही बघून खात्री करा. पुढे सगळं पुसलं जातं.

मग तो लॅपटॉपला लावून सुरू करा. बूट मेनूची कळ कंपनीप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप. अँटिएक्स उठलं की त्यात लाइव्ह यूएसबी मेकर नावाचं साधन आहे. दुसरा, चांगला पेनड्राइव्ह लावा आणि त्या साधनाने त्याच्यावर कायमची सिस्टम बनवा, पूर्ण सोयींची पद्धत निवडून. डेटासाठी आधी जागा सोडायचा पर्याय त्यातच दिसेल. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह असेल तर निम्मा डेटाला द्या. या पेनड्राइव्हवरून सुरू करताना मेनूत पर्सिस्टन्स निवडा, पहिल्या खेपेला तो थोडे प्रश्न विचारून जागा बनवतो. लाइव्ह असताना युजर डेमो आणि पासवर्डही डेमो, रूटचा पासवर्ड रूट. ते बदलून टाका, सगळ्या जगाला माहीत आहेत.

तारखेचं डिस्कमुळे नाही. आतलं नाण्याएवढं सेल संपलंय, बहुधा सीआर२०३२. काही लॅपटॉपमध्ये वायर जोडलेलं असतं, तसं असेल तर तसलंच घ्या. साइट न उघडण्याचं कारणही तेच. प्रमाणपत्राच्या तारखा मशीनच्या तारखेशी ताडल्या जातात, मशीन २०१० मध्ये असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं. सेल येईपर्यंत सुरू केल्यावर तारीख हाताने लावा. फवारणीच्या शीटमध्ये आजची तारीख आपोआप टाकायचं सूत्र असेल तर ते तर आधीच काढा. सूत्र पुढे रोज बदलत राहतं, आणि एक्सपोर्टच्या नोंदीत तारीख हलली की उत्तर द्यायला तुम्ही.

जुन्या लॅपटॉपचं वायफाय लिनक्सला कधी कधी सापडत नाही. मग मोबाइल डेटा-केबलने लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं. त्यावर वायफायचा ड्रायव्हर उतरवा.

पेनड्राइव्ह कुठला? नावाजलेल्या कंपनीचा, यूएसबी ३ चा, पक्क्या बिलाचा. पोर्ट जुना असला तरी ३ वाल्यात आतला माल बहुधा बरा असतो. फुटपाथवर एक टीबीचा पेनड्राइव्ह फार स्वस्तात दिसला तर तो एक टीबीचा नसतो. आकडा खोटा लिहिलेला असतो आणि खरी जागा भरली की पुढच्या फाइल्स मातीत जातात. नवा आणला की लिनक्सवर एफ३ किंवा विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. याहून बरं म्हणजे छोटी एसएसडी आणि तिचं यूएसबी केसिंग. ती आज बाहेरून चालवा, उद्या वाटलं तर लॅपटॉपच्या पोटात बसवा. ऋ भाऊही खूश.

बागायतदारीण

केसिंगवालीच घेतली. दुकानात चौकशी करताना पेनड्राइव्ह आणि तिच्या किमतीत मला वाटलं होतं तेवढा फरक निघाला नाही. रॅमची स्टिकही टाकून घेतली. अँटिएक्स चालू आहे, वायफाय सापडलं नव्हतं, टेदरिंगने काम झालं. दिसायला खरंच जुनाट आहे. मुलगा म्हणतो आजोबांच्या काळातलं.

मळ्यात पोर्टेबल लिबरऑफिस पहिल्यांदा उघडायला वेळ लागला, नंतर ठीक. आज मजुरीची शीट तिकडे भरली आणि इथे येऊन पुढे चालू केली. इनस्क्रिप्ट शिकतेय, अक्षरजुळणी ताई, अजून "डाऊनी" (रोगाचं नाव) लिहिताना बोटं अडकतात.

दोन गोष्टी राहिल्या. शीट सेव्ह करताना कुठल्या प्रकारात करू? सल्लागार एक्सेल मागतात. आणि काल भरता भरता लाइट गेली, परत उघडल्यावर शेवटच्या काही ओळी नव्हत्या.

रविवार_कारंजा

रोजचं काम ओडीएसमध्ये करा, दोन्हीकडे लिबरऑफिसच आहे. सल्लागारांना द्यायची तेव्हा एक्सेलमध्ये वेगळी प्रत काढा. एकच फाइल रोज इकडून तिकडे बदलत राहिलात तर रंग आणि रकाने हलतात.

लाइटचं: लिबरऑफिसच्या ऑप्शन्समध्ये लोड-सेव्हच्या जनरल पानावर ऑटोरिकव्हरी असते, मुळात १० मिनिटांवर. ती २ वर आणा. पण रिकव्हरीची माहिती ठेवण्याची जागा होम फोल्डरमध्ये असते, आणि तुमचं होम रॅमच्या थरात असेल तर लाइटीबरोबर तीही जाते. म्हणून त्याच पानावर मूळ फाइलसुद्धा आपोआप सेव्ह करण्याची खूण आहे, ती लावा. बॅकअप प्रत ठेवायचीही खूण तिथेच आहे, तिचा फोल्डर पाथच्या पानावर जाऊन डेटाच्या भागात वळवा. मळ्यातल्या पोर्टेबलमध्ये हेच सेटिंग वेगळं करावं लागेल, एकाचं दुसऱ्याला कळत नाही.

एक्सफॅटला लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटसारखी स्वतःची नोंदवही नसते, नेमकी लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइल फुटू शकते. तेव्हा तुमची व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवायची सवय सोडू नका, संध्याकाळी एकदा पाठवा. आणि फाइल कॉपी झाली असं दिसलं तरी लिनक्स मागे लिहीत असतं, इजेक्ट केल्यावर "आता काढा" म्हणेपर्यंत केबल ओढू नका.

लॅपटॉपला नवी बॅटरी मिळते का ते बघतो. मॉडेल नंबर खालच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटो इथे टाका. सिरीयल नंबर तेवढा झाका.

ओझरकर

फोटो काढताना बॅटरीच्या स्टिकरवरचे व्होल्टही येऊ द्या. १०.८ आणि १४.४ मध्ये गल्लत होते.